दातांच्या दवाखान्यातली पांढरी आकृती

नजर घारीची, कान सशाचे आणि डोकं माझं स्वतःचं. गुप्तहेर व्हायला आणखी काय लागतं? घरचे मला ‘शोध्या’ म्हणतात. त्यातला आदर ओळखायलाही बुद्धी लागते.

माझी ताई फोटोग्राफर. भयपटात दिसतात तशा रिकाम्या, अंगावर येणाऱ्या खोल्यांचे फोटो काढते. त्या रविवारी दुपारी तिने भाऊजींचा दातांचा दवाखाना निवडला. पडदे ओढले, खुर्ची आडवी केली, वरचा दिवा मान मोडल्यासारखा लोंबता ठेवला. सहाच्या आत फोटो पाठवला तरच तिला पहिलं प्रदर्शन मिळणार होतं. खोलीत उजेड कमी, म्हणून एकेका फोटोला कॅमेरा अर्धं मिनिट उघडा ठेवावा लागे. तेवढा वेळ ती बाहेर येऊन बसायची.

पहिल्या फोटोत खुर्चीमागे एक पांढुरकी, आरपार दिसणारी आकृती उमटली. दुसऱ्यातही. तिसऱ्यात ती खुर्चीवर वाकली होती.

“चार वाजले रे,” ताई रडकुंडीला आली.

“हा इथे दगावलेला पेशंट,” मी निदान केलं.

“माझ्याकडे कोणी दगावत नाही,” भाऊजी म्हणाले. “पळून जातात.”

“मग हे डॉक्टरचं भूत. अंगात एप्रन आहे. आणि हात चेहऱ्याशी, म्हणजे आपल्याला गप्प राहा म्हणतंय.”

फरशी पुसायला आलेल्या मावशींनी कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. “हे शोध्यादादाच की.”

“पुरावा?”

“बोट नाकात आहे.”

मी शांतपणे घटनाक्रम तपासला. ताई बाहेर आली, की मी मागच्या दाराने आत जात होतो. पहिल्यांदा, वेषांतरासाठी घेतलेला भाऊजींचा एप्रन आरशात बघायला. नंतर दोनदा भूत पकडायला. अर्ध्या मिनिटाच्या फोटोत हलता माणूस असाच आरपार उमटतो. ते मला एकदाही का दिसलं नाही, याचा उलगडा झाला.

ताई ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने नुसतं मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मागच्या दाराला कडी घातली. चौथा फोटो स्वच्छ आला. तिने तो आधीच्या तीन फोटोंशी ताडून पाहिला.

“ही नुसती दातांची खुर्ची दिसतेय,” ती म्हणाली. मग दार उघडलं. “ये आत. सावकाश चाल.”

एप्रनची बटणं भाऊजींनी स्वतःच्या हाताने लावून दिली.

प्रदर्शनात त्या पाचव्या फोटोपुढे एक बाई चक्क किंचाळल्या. ताईने आनंदाने माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठले. माझ्या कामाला मिळालेली ही पहिली दाद.