वेदनामुक्त गावातले मेडिकलवाले अप्पा

आमच्या गावात अंगदुखीची गोळी मिळवणं हे रेशन कार्डावर नाव चढवण्याइतकंच अवघड आहे. मेडिकल एकच, आणि ते लिंगप्पांचं. सर्दी-खोकल्याचं औषध ते मुकाट्यानं देतात. पण दुखण्याची गोळी मागितली की चष्मा काढतात, काउंटरपुढच्या स्टुलाकडं बोट करतात आणि म्हणतात, "बसा. ठणकायलंय का सलायलंय?"

गिऱ्हाईक म्हणतं, "दुखायलंय."

"दुखतंय तर सगळ्यांनाच. कसं दुखायलंय ते सांगा."

मग ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी आणि रग वेगळी, हे त्या बिचाऱ्याला जन्मात पहिल्यांदा कळतं. शिवेपलीकडून आलेल्याची चौकशी कानडीत होते, "एल्लि नोवु?" म्हणजे कुठं दुखतंय. तोही निमूट बसतो. डॉक्टरची चिठ्ठी असली तरी सुटका नाही. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, पोटात काही आहे की नुसता चहा, मागच्या वेळी पित्त झालं होतं का, हे सगळं विचारून अप्पा कात्रीनं पाकिटाचा तुकडा कापतात. पुष्कळदा कापतच नाहीत. एका ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी "सीटवर उशी घ्या" एवढंच देऊन परत पाठवलं होतं. अशा धंद्यावर कुणी बंगला बांधत नाही, अप्पांनीही बांधलेला नाही.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे, त्यामुळे गावातल्या यच्चयावत गुडघ्यांची मला माहिती आहे. अप्पा मला 'झेराक्स' म्हणतात. मला आईबापांनी ठेवलेलं नाव आहे, हे त्यांना मान्य नसावं. जगातल्या सगळ्या कंबरदुखीचं मूळ मोटारसायकलच्या मागच्या सीटवर आहे, असंही त्यांचं ठाम मत आहे. ते अजून कुठल्याही डॉक्टरनं उचलून धरलेलं नाही.

आमचं गाव उमरगा तालुक्यात, मुरुमच्या पुढं, पार कर्नाटकाच्या शिवेला. नाव सांगत नाही, कारण भाऊसाहेबांची रिक्षा अजून फिरते. भाऊसाहेब म्हणजे गावात ज्या ज्या संस्थेला अध्यक्ष लागतो तिचे अध्यक्ष. मध्यंतरी त्यांनी 'वेदनामुक्त गाव' असं अभियान काढलं. देवळापुढं मांडव घातला आणि स्वतःचा फोटो छापलेल्या पुड्यांतून दुखण्याच्या गोळ्या फुकट वाटल्या. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही, फक्त ओंजळ पुढं करायची. दुसऱ्या दिवसापासून भोंगा लावलेली रिक्षा गल्लोगल्ली सांगत सुटली, "भाऊसाहेबांच्या प्रयत्नांनी आता आपल्या गावात कुणालाही काहीही दुखत नाही."

रिक्षावाल्याची दाढ सुजली होती. तो गालाला रुमाल बांधून हे सांगत फिरत होता.

"अप्पा, हे कुणाला खरं वाटणार?" मी म्हणालो.

"खरं वाटावं म्हणून कुठं लावलंय, झेराक्स? दुखायलंय म्हणायची लाज वाटावी म्हणून लावलंय. माणूस बोलायचा थांबला की मग खरं-खोटं कोण इचारतंय?"

ज्याच्या गोळ्या खपत नाहीत तो दुकानदार दुसरं काय बोलणार, असं मला वाटलं. पण स्टूल रिकामं पडू लागलं हे खरं. जन्माचे लंगडेही मेडिकलसमोरून जाताना ताठ चालायला लागले.

मग स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यावर मांडवात पुडी घेताना माझी आई. शेजारी हात जोडलेले भाऊसाहेब आणि खाली अक्षरं, 'मी वेदनामुक्त झाले.' आईला फोटो आवडला. साडीचे काठ नीट आलेत, म्हणाली. गुडघे मात्र होते तसेच दुखत होते. आपण लंगडताना कुणी बघू नये म्हणून ती स्टँड टाळून मागच्या बोळानं देवळात जायची. फुकटच्या पुड्या संपल्या तेव्हा तिनं मला हळूच सांगितलं, "अप्पाकडनं गोळी आण. तुलाच पायजे म्हन."

अप्पांनी माझ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचा गुडघा? आत्ता तर कागदाचा गठ्ठा घेऊन पायरी चढलाव. ज्यांचं दुखायलंय त्यांना घेऊन या."

आई नाकापर्यंत पदर ओढून आली.

"मला काय न्हाय दुखत," बसल्या बसल्या ती म्हणाली.

"मग गोळी कशाला, अक्का?"

"असावी घरात."

अप्पांनी तिच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "चक्कर येतीया का? परसाकडं काळं व्हायलंय?"

आईनं माझ्याकडं रागानं बघितलं, जणू मीच चहाडी केली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. "लई दिस झालं," ती पुटपुटली.

आईला हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ती गोळी तिला अप्पाच देतात. "त्या गोळीवर ही मांडवातली गोळी," ते म्हणाले. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. पोटात रक्त जात असणार, आत्ता निघालं पाहिजे, म्हणाले आणि भर बाजारच्या दिवशी त्यांनी शटर ओढलं.

समोर वाहन एकच होतं, भाऊसाहेबांची रिक्षा. "भोंगा बंद केला की फोन येतोय," रिक्षावाला गालावर हात ठेवून म्हणाला. म्हणून आम्ही उमरग्याकडं निघालो ते वाजतगाजत. मध्ये आई, दोन्ही बाजूंना आम्ही, आणि डोक्यावर कुणालाही काहीही दुखत नसल्याची बातमी. फ्लेक्सवरची बाई ओळखून लोक नमस्कार करत होते. आई तशा अवस्थेतही हात जोडत होती. मी तिला मागून धरून बसलो होतो. गावाची शीव ओलांडल्यावर रिक्षावाल्यानं आपण होऊन भोंगा बंद केला.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. रक्ताची बाटली लागली. खाली कागदपत्रं करून मी वर आलो तेव्हा आई खाटेवर पदराचा बोळा तोंडात कोंबून पडली होती आणि अप्पा शेजारी बसून बोलत होते. मी दारातच थांबलो.

"आमची गंगव्वा अशीच होती, अक्का. लिंगप्पाच्या घरात दुखणं शिरत न्हाय, अशा बढाया मारायचो म्या. रोज, गिऱ्हाइकापुढं. ती आतनं ऐकायची. तिच्या पोटात लई दुखायचं, तर दुकानातल्याच गोळ्या चोरून खायची. मला कळलं तवा हातात काय उरलं नव्हतं. भाऊसाहेबाला लोकांची तोंडं बंद करायला रिक्षा तरी लागती. मला तीबी लागली न्हाय."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून बसलो, पण बायको पोटाच्या आजारानं गेली यापलीकडं मला काही माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाबद्दल एवढी माया यापूर्वी कधी वाटली नव्हती.

आईनं बोळा जरासा सरकवला. "गुडघे मरणाचे दुखायल्यात अप्पा. पर आता गोळी न्हाय म्हनत्यात. आन् शेजारच्या बाया बघायल्यात."

"बघू द्या. त्या डागदराला इचारून दुसरं कायतरी करू. आधी पदर काढा तोंडातला अन् कण्हा मोठ्यानं. म्या बसलोय ऐकायला."

आई आधी लाजत कण्हली. मग जरा मोठ्यानं. मग तिनं उजवा गुडघा सांगितला, डावा सांगितला, कंबर सांगितली, आणि सांगता सांगता माझ्या वडिलांच्या स्वभावापर्यंत पोचली. अप्पा मान खाली घालून "व्हय अक्का, सांगा" म्हणत होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी टपटप शर्टावर पडत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.