न जन्मल्याचा दाखला

बायकोचा रक्तदाब सकाळपासून चढत होता आणि बाळाला यायला अजून पाच आठवड्यांचा अवकाश होता. डॉक्टरीणबाईंनी सुईने पोटातलं थोडं गर्भजल काढलं, बाटलीत भरलं आणि होऊ घातलेल्या बापाच्या हातात दिलं.

"बाळाची फुप्फुसं तयार झालीत का, ते यावरून कळेल. झाली असली तर आजच तिला मोकळी करू, नाहीतर जीव मुठीत धरून थांबावं लागेल. पळा."

तो पळाला. तळमजल्यावर प्रयोगशाळेची खिडकी होती आणि खिडकीत नियम कोळून प्यालेले कारकून.

"पेशंट कोण?"

"माझी बायको."

"फुप्फुसं तिची तपासायचीत?"

"नाही, बाळाची."

"मग पेशंट बाळ. वय?"

त्याने बोटं मोजली. "वजा पाच आठवडे."

कारकुनांनी तेही इमानाने दाबून पाहिलं. संगणकाने वजा घेतलं नाही. शून्य टाकलं, तर जन्मतारीख मागितली.

"साहेब, आईचं वय टाका हो," तो काकुळतीला आला. टाकलं. पाच मिनिटांत बाटली आतून परत आली, सोबत चिठ्ठी: 'वय एकतीस. फुप्फुसे तयार असणारच. तपासणी अनावश्यक.'

"झालं की तुमचं काम," कारकून म्हणाले. त्याचा चेहरा पाहून मात्र ते जरा विरघळले. "असं करा, बाळ जन्मलेलं नाही असा दाखला आणा. मग हाताने नोंद करतो."

तो तीन मजले चढला. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि लिहून दिलं: 'सदर बाळ अद्याप जन्मलेले नाही.' शिक्का पहिल्या मजल्यावर होता आणि शिक्केवाले जेवायला गेले होते. ते आले, त्यांनी सावकाश हात पुसले, शिक्का मारला.

तो खिडकीशी पोचतो तोच सासूबाई जिना उतरत आल्या. "जावईबापू, कुठे होतात? कळा आपोआप सुरू झाल्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

वरून रडणं थेट तळमजल्यापर्यंत येत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कारकुनांनीही कान देऊन ऐकलं आणि दाखला परत सरकवला.

"हा आता खोटा ठरला. पण बरं झालं, वय तरी मिळालं. किती?"

"दहा मिनिटं," तो भान हरपून बोलून गेला. संगणकाने ते मुकाट्याने घेतलं आणि बाटली आत गेली.

चौथ्या दिवशी घरी निघताना फाइलीत अहवाल सापडला. खांद्यावर लेकीने असा टाहो फोडला होता की त्याला तो दोनदा वाचावा लागला: 'नमुना शिळा. फुप्फुसांची खात्री देता येत नाही. प्रसूती दोन आठवडे पुढे ढकलावी.'