सूचक मिळेना

भूपाल चौगुले यांची डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर असते. चित्रपट संपून दिवे लागले तेव्हा ती आणखी थोडी वर गेली, एक श्वास घेण्याइतका वेळ तिथे थांबली आणि पुन्हा जागेवर आली. हालचाल एवढीच झाली. परंतु त्या क्षणी चौगुले आणि मगदूम या दोन्ही घरांतला एकही माणूस पडद्याकडे पाहत नसल्यामुळे ती सर्वांनी पाहिली.

भुवई वर गेली म्हणजे चित्रपट आवडला, असा निष्कर्ष श्रीपाल मगदूम यांनी काढला. ती खाली आली म्हणजे आवडला नाही, असा निष्कर्ष त्यांच्या पत्नी रत्नाबाईंनी काढला. खबरदारी म्हणून दोघांनीही आपला निष्कर्ष एकमेकांना सांगितला नाही.

प्रसंग मुलगी पाहण्याचा होता. श्रीपालअण्णांचे शाहूपुरीत मोटारपंपांचे दुकान आहे आणि त्यांची मुलगी स्नेहल माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. भूपालअण्णांची हातकणंगल्याला शेती आणि इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. ते यंत्रमाग त्यांचा मुलगा पारस बघतो. शिक्षण, उंची, गोत, सगळे जुळले होते. आता दोन्हीकडून फक्त एक शब्द यायचा होता: पसंत. तो आला की चातुर्मास लागायच्या आत लग्न उरकायचे, नाही आला तर सांगलीचे एक स्थळ रत्नाबाईंनी गोड बोलून थांबवून ठेवलेले होतेच.

मध्यस्थ होते आदगोंडा पाटील. गावच्या दूध संस्थेचे सचिवपद सांभाळण्यात त्यांची हयात गेली होती. पोह्यांचा कार्यक्रम आता जुना झाला, असे त्यांचे म्हणणे पडले. हल्लीची माणसे पिक्चरला जातात. पडद्यावरची माणसे बोलतात, त्यामुळे आपल्याला बोलावे लागत नाही आणि ओळखही होते. दोन्ही जैन घरांत दिवस मावळायच्या आत जेवायची रीत असल्यामुळे दुपारचा खेळ ठरला. मुलगा आणि मुलगी यांना शोभेल अशा बेताने रांगेच्या दोन टोकांना बसवण्यात आले. त्यांच्यामध्ये दोन्ही घरे बसली. ओळख झाली ती एवढीच.

बाहेर आल्यावर श्रीपालअण्णांनी रीतीप्रमाणे विचारले, "कसा वाटला पिक्चर, पावणं?"

"तुमी सांगा की आदी," भूपालअण्णा म्हणाले.

"तुमी मुलाकडचं. मान तुमचा."

"पिक्चर तुमी दाखवलासा. तुमचंच मत पयलं पायजे."

हा मान बराच वेळ वाहनतळावर इकडून तिकडे फिरला. शेवटी भूपालअण्णांनी चित्रपट बघण्यासारखा असल्याचे मान्य केले. श्रीपालअण्णांनीही एकदा बघायला हरकत नसल्याचे सांगितले. वास्तविक दोघांनीही तो नुकताच एकदा बघितलेला होता, त्यामुळे या विधानांतून नवीन माहिती काही हाती लागली नाही. तेवढ्यात रत्नाबाईंनी ऊन उतरल्याचे लक्षात आणून दिले आणि सर्व जण जेवायला गेले.

मुलगी पसंत आहे का, हे विचारायचे राहूनच गेले. रत्नाबाईंनी दुसऱ्या दिवशी आदगोंडाकाकांना फोन केला, तेव्हा त्यांनी हे राहिलेले नसून ठेवलेले आहे, असा खुलासा केला. साध्या पिक्चरबद्दल दोन घरांचे एकमत होत नाही, तर पुढे संसार कसा व्हायचा? चित्रपट हा विषय क्रमांक एक होता. मुलगा-मुलगी हा विषय क्रमांक दोन. पहिला विषय प्रलंबित असताना दुसरा घेता येत नाही. दूध संस्थेत असे कधी झाले नव्हते, आणि लग्न ही तर दुधापेक्षा गंभीर बाब आहे.

म्हणून मगदुमांच्या घरी बैठक बोलावण्यात आली. आदगोंडाकाकांनी सवयीप्रमाणे अध्यक्षस्थान घेतले. चित्रपटाबाबत ज्यांना ठराव मांडायचा असेल त्यांनी तो मांडावा, त्याला दुसऱ्या बाजूने अनुमोदन द्यावे आणि विषय संपवावा, अशी सोपी पद्धत त्यांनी समजावून सांगितली. अडचण अशी निघाली की अनुमोदन द्यायला दोन्ही घरांतला प्रत्येक माणूस तयार होता. श्रीपालअण्णा अनुमोदक व्हायला तयार होते, भूपालअण्णा तयार होते, रत्नाबाई तर आत पोळ्या लाटता लाटता अनुमोदन देणार होत्या. पारसने विचारण्याआधीच हात वर केला होता. सूचक मात्र कोणी होईना.

"मी चांगला म्हणायचा आणि ह्यांनी वाईट म्हणायचा," भूपालअण्णांनी बाजूला घेऊन आदगोंडाकाकांना सांगितले. "मग माझ्या पोराच्या घराण्याला अक्कल न्हाय असं हुतंय का न्हाय?"

श्रीपालअण्णांनीही त्यांना दुसऱ्या बाजूला घेऊन हेच सांगितले, फक्त त्यात पोराच्या जागी पोरगी होती.

दिवस कलला. पुरणपोळी वाढली गेली. पुरणपोळी चांगली झाल्याचा ठरावही कोणी मांडला नाही. सर्वांनी ती गुपचूप दोनदा घेतली.

स्नेहलने त्या आठवड्यात पारसला मोबाईलवर सरळ विचारले होते, की पिक्चर तुम्हाला कसा वाटला. उत्तर टाइप होत असल्याची खूण पडद्यावर दिसू लागली. ती बराच वेळ दिसत राहिली, मधे थांबली, पुन्हा सुरू झाली. एवढे लिहितो आहे म्हणजे माणसाला काहीतरी म्हणायचे आहे, असे वाटून स्नेहलने चहा गार होऊ दिला. अखेर जोडलेल्या हातांचे एक चित्र आले. तिने थोडा विचार केला आणि तसेच चित्र परत पाठवले. तिचे स्वतःचे मत काय, हे तिलाही अजून कोणी विचारले नव्हते आणि तिनेही सांगितले नव्हते. मुलीने आधी बोलू नये, असे तिला घरात कोणी शिकवले नव्हते. तिने ते न शिकवताच आत्मसात केले होते.

घरात उत्तर मिळेना तेव्हा तज्ज्ञांचा सल्ला घ्यायचे ठरले. इंटरनेटवर पाहिले असता एका समीक्षकाने चित्रपटाला चार तारे दिले होते आणि दुसऱ्याने एक. भूपालअण्णांनी त्यांची सरासरी काढली, पण अडीच ताऱ्यांना तोंडाने काय म्हणायचे हे कोठेही दिलेले नव्हते. मग नातेवाइकांना फोन झाले. ज्यांनी चित्रपट पाहिला होता त्यांनी लोक काय म्हणतात असे उलट विचारले. ज्यांनी पाहिला नव्हता त्यांची मते मात्र ठाम होती. रत्नाबाईंच्या जयसिंगपूरच्या बहिणीने तर शेवट कसा फसला आहे हे इतके बारकाईने सांगितले, की तिने तो पाहिलेला नाही याबद्दल कोणाला शंका उरली नाही.

यानंतर श्रीपालअण्णांनी एक धाडसी पाऊल उचलले. दुकान नोकरावर सोपवून ते एकटेच तो चित्रपट पुन्हा पाहायला गेले. या वेळी बाजूला कोणी नसल्याने आपल्याला काय वाटते ते आपल्याला कळेल, असा त्यांचा होरा होता. अंधारात खुर्ची शोधून ते बसले आणि पडद्यावरच्या उजेडात त्यांना पलीकडच्या रांगेत एक भुवई दिसली.

भूपालअण्णाही त्याच हेतूने हातकणंगल्याहून आले होते. मग दोघांनीही उरलेला चित्रपट एकमेकांकडे बघून काढला. विनोद आला की श्रीपालअण्णा हसायची तयारी करून थांबत; भूपालअण्णाही तोंड अर्धे उघडून थांबत; तोवर विनोद निघून जाई. मध्यंतरात दोघे समोरासमोर आले. मी चुकून आलतो, असे एकाने सांगितले. मीबी चुकूनच, असे दुसऱ्याने सांगितले. या मुद्द्यावर त्यांचे प्रथमच एकमत झाले, पण सभेबाहेरचे असल्यामुळे ते धरता आले नाही.

कोंडी फोडण्यासाठी आक्कांना बोलावणे हाच मार्ग राहिला. आक्का म्हणजे भूपालअण्णांच्या थोरल्या बहीण. चौगुल्यांच्या घरात बोअर कुठे मारायची इथपासून नातवाचे नाव काय ठेवायचे इथपर्यंत त्यांचा शब्द शेवटचा असतो. त्या चित्रपटालाही आल्या होत्या आणि नावांच्या पाट्या पडायला लागल्यापासून दिवे लागेपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. हे चिंतन होते, असे घरच्यांचे म्हणणे होते.

दुसऱ्या बैठकीत आदगोंडाकाकांनी त्यांना हात जोडून मत विचारले. सगळे पुढे सरकून बसले. आक्कांनी विचार केला.

"पडदा लई मोठा हुता," त्या म्हणाल्या.

बैठकीत समाधानाची लाट पसरली. हे निःसंशय मत होते आणि ते एका जबाबदार व्यक्तीने, चारचौघांत, आधी दुसऱ्याला न विचारता मांडले होते. श्रीपालअण्णांनी ताबडतोब अनुमोदन दिले. पडदा मोठा होता, हा ठराव सर्वानुमते संमत झाला. उत्साहाच्या भरात आक्कांनी आत गारवाही लई हुता, असे सांगितले. तोही संमत झाला. आता गाडी रुळावर आली असे वाटून आदगोंडाकाकांनी गोष्टीबद्दल विचारले, तेव्हा आक्कांनी आपण उद्यापासून मौन धरणार आहोत, तर आजपासूनच धरलेले बरे, असे जाहीर केले आणि ओठ मिटले.

चातुर्मास लागला. लग्ने थांबली. चित्रपट थिएटरातून गेला आणि मोबाईलवर आला. आता तो कोणीही, कुठेही, एकट्याने पाहू शकत होते, त्यामुळे कोणी पाहिला नाही. सांगलीच्या स्थळाने वाट पाहून दुसरीकडे सुपारी फोडली. रत्नाबाईंची झोप उडाली. दुकानात पंप घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने हा पंप चांगला आहे का, असे विचारले, तेव्हा श्रीपालअण्णा सवयीने म्हणाले, "लोक काय म्हंत्यात?" गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेले.

दिवाळीनंतर आदगोंडाकाकांनी शेवटची बैठक बोलावली. आता सूचक मिळणार नाही हे ओळखून त्यांनी मसुदा स्वतःच तयार करून आणला होता. चष्मा लावून त्यांनी तो वाचला.

"सदर चित्रपट पाहण्यात आला असून तो एकंदरीत चित्रपटासारखा आहे. काही ठिकाणी तो चांगला असल्याचे नाकारता येत नाही; तथापि तो वाईट नाही असेही ठामपणे म्हणता येत नाही. ज्यांना तो आवडला त्यांना आवडला याबद्दल व न आवडला त्यांना न आवडला याबद्दल ही सभा समाधान व्यक्त करते."

आपल्या मनातले नेमके शब्द कोणीतरी बोलले, असे प्रत्येकाला वाटले. भूपालअण्णांचे डोळे पाणावले. कोणतीही चर्चा न होता ठराव मंजूर झाला आणि पेढे वाटण्यात आले. विषय क्रमांक एक संपला.

"आता विषय क्रमांक दोन," आदगोंडाकाका म्हणाले. "पारस आनि स्नेहल. बोला, कोण बोलतंय?"

पेढे खाणारी तोंडे थांबली. श्रीपालअण्णांनी भूपालअण्णांकडे पाहिले. भूपालअण्णांनी आक्कांकडे पाहिले. आक्कांचे मौन दिवाळीला सुटले होते, पण त्यांच्या तोंडात पेढा होता. मान तुमचा, पावणं. न्हाय न्हाय, मुलगी तुमची. असे बारीक आवाजात पुन्हा सुरू झाले. खिडकीबाहेर ऊन पिवळे पडत चालले होते आणि रत्नाबाई पाने घ्यायला उठू लागल्या.

तेव्हा इतके महिने सर्व बैठकांना हजर राहून एकदाही न बोललेल्या स्नेहलने पारसकडे वळून विचारले, "तुम्हाला मी पसंत आहे का?"

पारस गोरामोरा झाला. त्याने वडिलांकडे पाहिले, वडिलांची भुवई जागेवर होती. त्याने आक्कांकडे पाहिले, त्या चावत होत्या. मग त्याने अतिशय नम्रपणे सांगितले, "तुमी आदी सांगा. तुमचं जे मत असंल त्याला माझं अनुमोदन हाय."

हे उत्तर सर्वांना आवडले. मुलगा समजूतदार आहे, अशी कुजबुज झाली. ती प्रथम कोणी केली हे मात्र कळले नाही. सगळे स्नेहलकडे वळले. तिने काय ठरवावे, याबद्दल वाचकांचेही एव्हाना काही मत झाले असेल. ते त्यांनी तूर्त कोणाला सांगू नये. शेजारी बसून हीच गोष्ट वाचणाऱ्याचे काय म्हणणे पडते, ते आधी पाहून घ्यावे.

स्नेहलने हातातला पेढा बशीत ठेवला.

"मला पिक्चर आवडला होता," ती म्हणाली. "मुलगा आवडला नाही."