सातव्या पेल्याची चव

कडू पदार्थ माणूस दोनच कारणांनी गिळतो. एक, वैद्यांनी सांगितलं म्हणून. दोन, आपल्याला त्यातलं कळतं हे चार लोकांना कळावं म्हणून. पहिल्या प्रकाराला औषध म्हणतात, दुसऱ्याला अभिरुची. आमच्या कारखान्यात दुसऱ्या प्रकारचं उत्पादन होतं: इंडिया पेल एल जातीची बिअर, हाताने, थोड्या प्रमाणात आणि पुष्कळ चर्चा करून बनवलेली. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं तिच्यात साध्या बिअरच्या चौपट पडतात. त्यामुळे ती कडू होते. (हे शेवटचं वाक्य कारखान्याच्या आवारात उच्चारायला मनाई आहे.)

यंदा सर्वोत्कृष्ट ठरलेल्या पिंपाचं अधिकृत वर्णन असं: 'आरंभी संत्र्याची साल, मध्ये पाइनच्या ताज्या चिकाची चाहूल, आणि शेवट इतका स्वच्छ, की मागे काहीच उरत नाही.' हे वाचताना ज्यांना जिभेच्या कडेला संत्र्याची साल जाणवली असेल, त्यांनी संकोचू नये. जाण अशीच येत असते.

वर्णनं ठरवायला चाखणी समिती आहे. तिच्यात मालक (पूर्वी विमा विकायचे, त्यामुळे न दिसणाऱ्या गोष्टींची सवय), मालकांचे मेव्हणे (मेव्हणे असल्यामुळे), प्रयोगशाळेतल्या बाई, जाहिरातवाला आणि प्रमुख चाखणीकार, म्हणजे आमचे हे. मी लेखनिक. दर शनिवारी सकाळी अकराला लांबट टेबलावर झाकणाचे गडद निळे पेले मांडले जातात. निळे अशासाठी, की रंग बघून कुणी मत बनवू नये. मग आधी प्रमुख बोलतात आणि नंतर उरलेल्या चौघांना तेच जाणवतं. या पद्धतीला आमच्याकडे 'स्वतंत्र मूल्यमापन' म्हणतात.

तीन वर्षांच्या माझ्या वहीत चारशे बारा नोंदी आहेत. पैकी संत्र्याची साल तीनशे एक्याण्णव वेळा, पाइन तीनशे सात, ओलं गवत दोनशे वीस, आणि 'नुकतंच कुणीतरी बंद केलेलं लाकडी कपाट' एकदा (मेव्हणे, त्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता, म्हणून लिहून घेतलं). 'कडू' एकदाही नाही. कडू असेल त्याला 'धाडसी' म्हणायचं, फार कडू असेल त्याला 'निर्भीड', आणि घशाखाली उतरतच नसेल तर 'मर्यादित आवृत्ती'.

आता एक घरची गोष्ट. ह्यांचं नाक एकेकाळी असं होतं, की भिंतीपलीकडचं बिघडलेलं पिंप ते बूट काढता काढता ओळखत. दोन वर्षांपूर्वी ताप आला, उतरला, आणि जाताना नाक घेऊन गेला. मला कळलं ते दुधामुळे. शेगडीवर दूध करपून पातेलं काळं पडलं, शेजारीण धावत आली, आणि हे शेगडीपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होते. पातेलं दोघांनी मिळून घासलं.

सव्वीस वर्षं माणूस ज्या खुर्चीत बसला, तीच काढून घेतली तर त्याने बसायचं कुठे? तेव्हा आम्ही कामाची पद्धत किंचित सुधारली. पेल्याचं झाकण मी उघडायचं आणि वहीजवळच्या चवींच्या तक्त्यावर पेन्सिल टेकवायची. हे एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे (त्याआधी तक्त्याकडे बघून घ्यायचे) आणि बोलायचे. अशा रीतीने दोन वर्षं कारखान्याच्या बिअरची चव मी ठरवली. मी तिचा थेंबही प्यायलेले नाही. मला कडू आवडत नाही.

यंदा मात्र सर्वोत्कृष्ट पिंपाच्या निवडीआधी मालकांनी सुधारणा आणली. प्रत्येकाने मुकाट्याने लिहायचं, आणि नातेवाइकांनी खोलीत थांबायचं नाही. (मेव्हण्यांचं नातं या कामी धरलं गेलं नाही.) निवड झाली की त्याच बैठकीत प्रमुखांना मुदतवाढ द्यायची की नाही, तेही ठरणार होतं.

मला पलीकडच्या खोलीत पेले भरायला बसवलं. सात पिंपं, सात भांडी, शेजारी चूळ भरायच्या पाण्याचं आठवं भांडं. दाराला काचेची पट्टी होती. तिच्यातून मला ह्यांचा हात दिसत होता, पेन्सिल धरलेला आणि हलत नसलेला. मी त्या हाताकडे बघत भरत गेले. सातवी फेरी आत पाठवली, वळले, तर सातव्या क्रमांकाचं भांडं काठोकाठ भरलेलं आणि पाण्याचं अर्धं.

निकाल मालकांनीच वाचून दाखवला: सातवं पिंप सर्वोत्कृष्ट. सातव्या पेल्याबद्दल चौघांनी वेगवेगळं बसून एकच लिहिलं होतं: संत्र्याची साल, पाइन. स्वच्छ शेवट मेव्हण्यांचा. प्रयोगशाळेतल्या बाईंनी 'बुडबुडे अतिशय नाजूक, जवळजवळ अदृश्य' अशी भर घातली होती. सहा निर्भीड पेल्यांनंतर जिभेला आराम पडला, की तिला तो गुणच वाटतो.

मग ह्यांचा कागद. पहिल्या सहा पेल्यांपुढे लिहिलं होतं: कडू. कडू. जास्त कडू. कडू. कडू. कडू, पण बरं. आणि सातव्यापुढे: पाणी.

प्रश्न नाकाचा होता, तेव्हा तो बहुमताने सोडवण्यात आला. चार विरुद्ध एक. प्रमुखांची घ्राणशक्ती गेल्याचं सिद्ध झालं (जे खरं होतं, पुरावा तेवढा चुकीचा होता). त्यांना 'सल्लागार' करण्यात आलं, म्हणजे यापुढे त्यांना काही विचारायचं नाही असं ठरलं. शाल नव्हती म्हणून टेबलावरची फुलदाणी दिली.

घरी आलो. बूट काढताना हे म्हणाले, "खरं सांग. सातव्यात काय होतं?"

"पाणी. माझ्या हातून चूक झाली."

ते बूट हातात धरून बसले आणि हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"म्हणजे जीभ शाबूत आहे माझी."

"मी उद्या जाऊन मालकांना सांगते. खुर्ची परत देतील."

"नको, राहू दे. माझं एकट्याचं गेलंय ते पुरे. तू सांगितलंस तर चौघांची नाकं जातील."

मी नाही सांगितलं. हे आता घरी दुधापाशी बसतात, डोळ्यांनी लक्ष ठेवतात, आणि दोन महिन्यांत एकदाही दूध उतू गेलेलं नाही.

सातव्या क्रमांकाच्या पिंपावर तेच वर्णन छापून बाटल्या बाहेर पडल्या. समितीतल्या कुणीही ते पिंप आजतागायत चाखलेलं नाही. ग्राहकांची दोनशे बारा पत्रं आली. एकशे अठ्ठ्याण्णव जणांना संत्र्याची साल लागली. उरलेल्या चौदांनी पत्ता लिहिलेला नाही.

वर्णन तुम्हीही वाचलंत, दुसऱ्याच परिच्छेदात. ते पेलाभर पाण्याचं होतं, आणि जिभेच्या कडेला काय जाणवलं ते तुमचं तुम्हाला ठाऊक. समितीत सध्या एक खुर्ची रिकामी आहे. शनिवारी सकाळी अकराला या. नाकाची अट नाही.