सासूबाई, चिपा आणि हायपोथिसिस

बायकोला अभ्यासात मदत करायचं मी ठरवलं, तेव्हा ती नको म्हणाली होती. हे आधीच सांगून ठेवतो. नंतर सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

झुनिल्दा आमच्या एन्कार्नासिओन शहरात शाळेत शिकवते. परदेशी जाऊन पुढचं शिकायची तिची जिद्द, आणि शिष्यवृत्तीची मुलाखत इंग्रजीत. साधं इंग्रजी तिला येत होतं. पण विद्यापीठातलं इंग्रजी म्हणजे वेगळंच प्रकरण. त्यासाठी शब्दांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे व्याख्या. मी पोस्टातला कारकून. (माझं इंग्रजी ‘एअरमेल’पाशी सुरू होऊन तिथंच संपायचं.) तरी संध्याकाळी अंगणात तेरेरे, म्हणजे आमच्याकडचा पाल्याचा गार चहा, पिता पिता मी तिची परीक्षा घेऊ लागलो.

“हायपोथिसिस?”

“पुराव्याने तपासून पाहायचं असं तात्पुरतं अनुमान.”

“उदाहरण दे. घरातलं.”

“सेल्सो, तू नुसती यादी वाच. मास्तर होऊ नकोस.”

पण झालो! विचारता विचारता शब्द मलाच पाठ झाले. पोस्टात मी साध्या पाकिटांनाही ‘सिग्निफिकंट’ म्हणू लागलो. आमच्याच घरी राहणाऱ्या सासूबाई मात्र हे न कळणारं इंग्रजी ऐकून खवळल्या.

“जावईबापू, माझ्यादेखत माझ्याविषयी बोलता, कळत नाही का मला?”

“आई, त्यात तुमचं नावसुद्धा नसतं हो!”

“मग तर जास्तच वाईट!”

मुलाखत शनिवारी सकाळी, आमच्याच बैठकीत, कॉम्प्युटरवर होती. मला हुकूम होता, पडद्यामागे तोंड मिटून बसायचं. ते मिटलेलं राहावं म्हणून मी सासूबाईंच्या टोपलीतले दोन चिपा सोबत घेतले. (चीजचा गरम पाव तोंडात असला की माणूस बोलत नाही, असा माझा समज.)

आणि झुनिल्दा काय बोलत होती! ऐकून माझा ऊर भरून आला. मग समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, “हायपोथिसिस म्हणजे काय, हे लहान मुलांना कसं सांगाल?”

ती क्षणभर थांबली. विचार करायला थांबली होती, हे आता कळतं. तेव्हा मला वाटलं, अडली!

मी पडदा सारून थेट कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो आणि इंग्रजीत सुरू झालो. ते साधारण असं होतं: “मी नवरा. काल चिपा नाही. मी समजतो, सासू खाल्ली. हे हायपोथिसिस! खुर्चीवर तुकडे. हे एव्हिडन्स!”

सासूला इंग्रजीत काय म्हणतात ते यादीत नव्हतं, आणि चिपा तर कुठंही चिपाच. त्यामुळे तेवढे दोन शब्द मी आपल्या भाषेत, खणखणीत उच्चारले. नेमके तेच स्वयंपाकघरात पोचले. सासूबाई हातातल्या डावासकट बाहेर आल्या.

“चिपा मी खाल्ला? मी?” त्या कॉम्प्युटरकडे वळल्या. “साहेब, हा माणूस रोज चोरून खातो! आत्ता मिशी बघा त्याची!”

समितीत आमच्या राजधानीच्या, असुन्सिओनच्या एक बाई होत्या. त्यांनी हे बाकीच्यांना इंग्रजीत समजावलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. गेली शिष्यवृत्ती!

झुनिल्दाने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. मग उठून माझ्या मिशीतला कण चिमटीत धरला, कॅमेऱ्यापुढे नेला आणि शांतपणे म्हणाली, “मुलांना असं सांगेन. एक अनुमान केलं. नवा पुरावा मिळाला. आता अनुमान बदलायचं.”

समिती खो खो हसली. एकाने तर टाळ्या वाजवल्या.

शिष्यवृत्ती मिळाली! मी पोस्टभर चिपा वाटले, आणि यात माझ्या शिकवणीचा वाटा किती मोठा, तेही सांगत सुटलो. मग असुन्सिओनच्या त्या बाईंचा कागदपत्रांसाठी फोन आला. झुनिल्दा शाळेत होती, म्हणून मीच घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, “निवड नेमकी कशामुळे झाली हो?”

“शिकवण्याच्या हातोटीमुळे,” बाई म्हणाल्या. “आमचं सगळ्यांचं एकमत झालं. ज्या बाईंनी तुम्हाला एवढं इंग्रजी शिकवलं, त्या कोणालाही काहीही शिकवू शकतील.”