बासष्ट ग्रॅमचा पक्षी

अकरा वर्षांत माझ्या वहीत एकही खाडाखोड नाही, हे मी कोणी न विचारताही सांगत असे. आमच्या पक्षी-नोंदणी केंद्रात जाळ्यात सापडलेला पक्षी कापडी पिशवीत घालून झोपडीतल्या खुंटीला अडकवायचा, मग वजन, पायात नंबराचं कडं, आणि पक्षी दक्षिणेला मोकळा. नोंद शाईने.

त्या दिवशी आमचे प्रमुख आर्मास निवृत्त होणार होते. डोळे साथ देईनात. आणि नेमका शेवटच्या जाळ्यात निळशेपट्या! चौतीस वर्षं त्यांनी या चिमुकल्याची वाट पाहिली होती. पिशवी खुंटीला लावून ते धुतलेला शर्ट घालायला घरी गेले. मी बाकीची जाळी गुंडाळायला गेले.

पिशव्या शिवतात त्यांच्या पत्नी तेल्लेर्वो. सगळ्या एकाच निळ्या फुलांच्या पडद्याच्या. उरलेल्या कापडाच्या पिशव्यांतून रोज वेलदोड्याचे गोड पाव आणतात, उंदीर लागू नयेत म्हणून झोपडीतल्या त्याच खुंटीला टांगतात, आणि एक पिशवी धक्क्यावरच्या नावाड्याला, कालेवीला, नेऊन देतात.

आर्मास शर्ट बदलून आले. पिशवी काट्याला लावून त्यांनी डोळे बारीक केले.

"बासष्ट."

मी लिहिलं बासष्ट. कानाने ऐकायचं, हाताने लिहायचं, ही सवय. शाई वाळल्यावर आठवलं, हा पक्षी अठरा ग्रॅमच्या वर जात नाही.

"लांबच्या प्रवासाला निघालाय, जेवून निघाला असेल," म्हणत त्यांनी पिशवीत हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. "गरम आहे गं. पण हलत नाही."

हलणार कसा? वर साखर होती.

बाकीच्या पिशव्यांतही पावच. म्हणजे पक्षी कालेवीकडे! आम्ही धक्क्याकडे धावलो. मागून तेल्लेर्वो ओरडत होत्या, "अहो, गुडघा सांभाळा!"

कालेवी कॉफी पीत बसला होता. बंद पिशवी मांडीवर.

"वहिनी," तो शांतपणे म्हणाला, "आजचा पाव चावतो."

"मग उघडून पाहिलं नाहीस?" तेल्लेर्वोंनी धापा टाकत विचारलं.

"म्हटलं, आधी कॉफी संपवू."

आर्मास गुडघ्यावर बसले. डोळ्यांचा उपयोग नव्हता. बोटांनीच चाचपून कडं घातलं. मूठ उघडली. निळी शेपटी क्षणभर तळहातावर थांबली, मग झाडांत गेली. तेल्लेर्वोंनी त्यांच्या धुतलेल्या शर्टाची कॉलर उगाच नीट केली.

वजन मात्र राहूनच गेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा नोंद खोडली आणि शेजारी खरं ते लिहिलं: बासष्ट ग्रॅम, वेलदोड्याचा पाव.

महिन्याने मुख्य कचेरीचं पत्र आलं. खाडाखोड मान्य होती. एवढंच विचारलं होतं, की वेलदोड्याच्या पावाला कडं घातलं होतं का, आणि असल्यास कितव्या नंबरचं.