विणकरी कोशाचे दफ्तर बुडाले व परत आले, त्याची हकीकत

श्रीविघ्नहर्त्यास नमन, शारदेस नमन, आणि भारनियमन करणाऱ्या खात्यास दुरूनच नमन. शके १९२६, तारणनाम संवत्सरे, कार्तिक वद्य तृतीया, इंदुवासर, ते दिवशी छापखान्याचे राज्यात मोठा अनर्थ जाहला, तो सेवकाने डोळां पाहिला तैसा लिहिला असे.

राज्यात एक जुना संगणक होता. त्याचे उदरी रजिस्ट्री म्हणोन खास दफ्तर. कोणता प्रोग्राम चाकरीस, कोणास कसला परवाना, सर्व नोंद तेथे. त्याच संगणकी रंगनाथमास्तर यांचा विणकरी शब्दांचा कोश अकरा वर्षे टंकिला जात होता. मास्तर मागामागावर हिंडले आणि म्हाताऱ्या विणकरांस पुसोन शब्द आणिले, आणि मूळ चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या, आणि सांगणारे एकेक करोन वारले, म्हणोन कोश काय तो संगणकातच उरला. दफ्तरदारी सुमित्राबाई खर्शीकर यांजकडे. बाई लेकीचे बाळंतपणास गेल्या आणि मागे नवे कारभारी मन्मथराव यांस हुरूप आला. सोमवारी संगणक सुरू जाहलियावर त्यांनी रजिस्ट्री उघडिली, अनोळखी नावे पाहिली, हे सारे फुकटखाऊ ऐसे मनी आणिले, आणि सरसकट बडतर्फ केले. त्यात मराठी अक्षरांच्या प्रोग्रामाचा परवानाही गेला. विकणारी पेढी केव्हाच गाशा गुंडाळून गेलेली, नवा परवाना देणार कोण? त्या प्रोग्रामाविना कोश उघडेना.

मग मंगळवारपासून श्रीमंत मालक रोज सकाळी संगणक सुरू करीत, हात जोडीत आणि बंद करीत. मास्तर स्टुलावर बसोन राहत, चहासही शिवत नसत. शुक्रवारी इतकेच बोलिले, "मी पंच्याहत्तरचा झालो. आता पुन्हा विचारायला जाऊ कुणाकडे?" हे ऐकोन मन्मथरावांस भडभडून आले, आणि त्यांनी लाज सोडोन बाईंस फोन केला.

शनिवारी मालकांचे बोट बटणापाशी गेले, तोच बाई पहिल्या एसटीने उतरोन पिशवीसकट दारात उभ्या.

"मालक, बोट मागे घ्या आधी!"

"का हो बाई?"

"रोज पहिल्यांदा चालू झालं की हे मशीन दफ्तराची एक नक्कल काढतं. ठेवतं पाचच. आजची निघाली की सोमवारची जाईल, आणि नावं उडवण्याआधीची, चांगली, तेवढी एकच आहे!"

मालकांनी हात थेट पाठीमागे नेला. मग बाईंनी स्वतः बटण दाबिले आणि लगोलग दुसरी कळ धरिली, तेणेकरोन दरबार भरण्यापूर्वीच, नवी नक्कल निघण्याआधी, काळा पडदा आला आणि पाच तारखा प्रकटल्या. बाईंनी सोमवार निवडिला. यंत्र घरघरले. मन्मथराव डोळे मिटोन उभे. मग संगणक फिरोन सुरू जाहला, आणि अक्षरांचा प्रोग्राम काही न विचारिता उघडला.

मास्तर म्हणाले, "धोटा काढा." बाईंनी शब्द काढिला: धोटा, आडवा धागा वाहून नेतो ते हत्यार; सांगणार यल्लप्पा म्हेत्रे. मास्तरांनी काचेवर बोट टेकविले आणि त्यांचे डोळे भरोन आले. "आहे हो," म्हणाले, "यल्लप्पा आहे."

मग सर्वांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी तत्काळ कोशाच्या आणि दफ्तराच्या नकला फ्लॉप्यांवर उतरविल्या आणि तीन घरी ठेविल्या. मालकांनी पेढे वाटिले, मास्तरांनी पाच दिवसांचा चहा एका बैठकीत प्याला.

सारांश, दफ्तर पूर्ववत जाहले, शब्द एकही गेला नाही. मन्मथराव कारभारावर कायम आहेत, परंतु अनोळखी नाव दिसले की हल्ली हात मागे घेतात आणि बाईंस पुसतात, "हे कोण?"